सक्तीनें काय शिकवावें?

शाळेंत मुलांना काय शिकवावें हा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन प्रकारच्या लोकांच्या हातीं पडतो. एक शिक्षणखात्यांतील तज्ज्ञ, आणि दुसरे जून महिन्यांत पुस्तकांच्या दुकानापुढें रांग लावून उभे असलेले पालक. पहिल्यांना तो वेळापत्रकाचा प्रश्न वाटतो, दुसऱ्यांना दप्तराच्या ओझ्याचा. आमच्या मतें तो मुळांत नीतीचा प्रश्न आहे, आणि तसा तो कां आहे हें आज वाचकांपुढें मांडण्याचा विचार आहे. आम्ही महाविद्यालयांत शिकवितों. प्राथमिक शाळेंत शिकविण्याचा अनुभव आम्हांस नाहीं. परंतु प्राथमिक शाळेनें जें केलें अगर केलें नाहीं, त्याचें फळ तीस वर्षें आमच्यापुढें बांकावर येऊन बसत आहे. तेव्हां या विषयावर चार शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस अगदींच नाहीं असें नव्हे.

हा नीतीचा प्रश्न आहे असें म्हणण्याचें कारण एका शब्दांत सांगतां येईल, आणि तो शब्द म्हणजे सक्ती. प्रौढ मनुष्य जें शिकतो तें आपल्या इच्छेनें किंवा गरजेनें शिकतो, आणि न पटल्यास सोडून देतो. सहा वर्षांच्या मुलास ही मोकळीक नाहीं. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला, आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलांत आला. या कायद्यांतील सक्ती सरकारवर आहे, मुलावर नव्हे, असें कायदेपंडित सांगतील. आणि तें खरेंहि आहे. पण वर्गांत बसलेल्या मुलास हा भेद कळत नाहीं. त्याच्या दृष्टीनें पाहतां, आयुष्याचीं आठ वर्षें, आणि तींहि मन सर्वांत कोवळें असतांनाचीं, आम्ही वडील माणसें त्याला न विचारतां घेतों. दुसऱ्याची वस्तु न विचारतां घेणाऱ्यानें तिचें काय केलें याचा हिशेब दिला पाहिजे. अभ्यासक्रम म्हणजे हा हिशेब होय.

हा हिशेब मागण्यास कोल्हापूरकरांना विशेष कारण आहे. बडोद्यास सयाजीरावमहाराजांनीं १९०६ सालीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. ज्यांचें बाळपणाचें शिक्षण कागल व कोल्हापूर येथें झालें त्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत तशाच हेतूचें विधेयक मांडलें. पण पुढल्या वर्षीं तें फेटाळलें गेलें. ब्रिटिश मुलुखांत जें साधलें नाहीं, तें शाहूमहाराजांनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत केलें. मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढें दोनच वर्षांनीं, १९१९ सालीं, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेंत बसविण्याचा हुकूम निघाला.

त्या एका रुपयाचा विचार करावा. ज्या घरचें पोर गुरें राखीत होतें, शेण्या थापीत होतें, आई शेतावर गेली असतां धाकट्या भावंडास सांभाळीत होतें, त्या घरास तें पोर शाळेंत धाडणें म्हणजे मिळकतीचा एक हात कापून देणेंच होतें. महाराजांना हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. ठाऊक असूनहि त्यांनीं दंड ठेवला, कारण त्या पोराला जें मिळणार होतें तें घराच्या तोट्याहून मोठें आहे अशी त्यांची खात्री होती. सक्तीचें समर्थन एवढ्या एकाच पायावर उभें राहतें. ज्या दिवशीं मुलास मिळणारें त्याच्यापासून घेतलेल्याहून हलकें होईल, त्या दिवशीं तो दंड जुलूम ठरेल.

मग द्यावयाचें तें काय? या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आपल्या महाराष्ट्रांतच आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीराव फुले यांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचें शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. पण तेवढ्यावर न थांबतां काय शिकवावें हेंहि सांगितलें. मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचें प्राथमिक ज्ञान, आणि नीति व आरोग्य यांवर थोडे पाठ. ही यादी आजहि वाचावी अशी आहे. तींत शेतकऱ्याच्या मुलास उपयोगी पडेल तें आहे, आणि ज्याचा शेतांत कांहींच उपयोग नाहीं असा इतिहासहि आहे. हीं दोन्हीं एकत्र कां, याकडे आम्ही पुढें येऊं.

आजची यादी पुष्कळच लांब झाली आहे. मातृभाषा, गणित, २००० सालापासून मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी, परिसर-अभ्यास, पुढें विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र, हिंदी, चित्रकला, शारीरिक शिक्षण. २०२५ सालीं पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचा सरकारी निर्णय निघाला आणि लोकांनीं विरोध करतांच जूनअखेर मागें घेण्यांत आला. त्या वादांत भाषेच्या मानापमानाविषयीं पुष्कळ बोललें गेलें. परंतु सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसांत तास किती, आणि नवीन विषय आला तर जुन्यांतील कोणता तास जाणार, हें विचारणारे थोडे निघाले. विषय वाढविणाऱ्यास टाळ्या मिळतात. तास मात्र कोणालाहि वाढवितां येत नाहींत.

निवड करावयाची तर कसोटी हवी. पहिली कसोटी उपयोगाची. हर्बर्ट स्पेन्सरनें आपल्या शिक्षणविषयक ग्रंथांत, जो १८६१ सालीं प्रसिद्ध झाला, ज्ञानाची प्रतवारी लावून दाखविली. जीव वांचविणारें ज्ञान आधीं, मग पोट भरणारें, मग अपत्यसंगोपनाचें, मग नागरिकत्वाचें, आणि सर्वांच्या मागून काव्यकलांचें. वरवर पाहतां यांत खोट दिसत नाहीं. परंतु उपयोग ही वस्तु मुलाच्या वयाहून लौकर म्हातारी होते. आमच्या वडिलांच्या पिढीनें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी छड्या खाऊन पाठ केली. रुपयाचे सोळा आणे असतांना या पाढ्यांसारखा उपयोगी विषय दुसरा नव्हता. १ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर पैसे झाले, पाठोपाठ शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, आणि साडेतिनाचा पाढा एका पिढींत अडगळींत गेला. मोडी लिपीची गत तीच झाली. फुल्यांच्या यादींत ती पहिल्या ओळींत आहे. आज ती वाचणारा माणूस दप्तरखान्यांत शोधावा लागतो. तेव्हां आजच्या उपयोगावर उद्याच्या माणसाचें शिक्षण उभारणें म्हणजे वाहत्या पाण्यावर खूण करून ठेवण्यासारखें आहे.

दुसरी कसोटी मुलाच्या आवडीची. रूसोनें १७६२ सालच्या आपल्या ग्रंथांत एमिल नांवाच्या कल्पित मुलास बारा वर्षांपर्यंत पुस्तकांपासून दूर ठेवलें. वाचनाची गरज वाटली म्हणजे मूल आपण होऊन वाचूं लागेल, हा त्याचा विश्वास. पण एमिलपाशीं अहोरात्र एक शिक्षक होता. ज्याच्या घरीं एकहि पुस्तक नाहीं त्या मुलास आवडीवर सोडणें म्हणजे जन्मानें जेथें टाकलें तेथेंच सोडणें होय. आवडहि घरांतूनच उगवते, आणि घरें सारखीं नाहींत.

घरें सारखीं नाहींत ही गोष्ट आम्हीं विसरतां कामा नये असें म्हणतों, कारण शिकलेलीं माणसें तीच आधीं विसरतात. २०१९ सालीं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस, बावीस याऐवजीं वीस एक, वीस दोन असें वाचण्याची रीत सुचविली गेली. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनीं तिचें कारणहि सांगितलें: मराठी संख्यानामांत जोडाक्षरें अवघड, आणि लिहितांना दशक आधीं व बोलतांना एकक आधीं येत असल्यानें मुलें गोंधळतात. मोठा गदारोळ झाला. भाषा बुडाली, असें म्हणणारे त्यांत पुष्कळ होते. बाजारांत सत्तावीस म्हणणाऱ्या दुकानदारापुढें वीस सात म्हणणारें मूल अडखळेल ही हरकत आम्हांसहि योग्य वाटली. तथापि त्या गदारोळांत ज्याच्यासाठीं ही खटपट होती तें मूल कोणाच्याच डोळ्यांपुढें दिसेना. तुमच्याआमच्या घरचें मूल बेचाळीस आणि चोवीस यांत चुकलें तर आजी जेवतांना सुधारते. ज्याला सुधारणारें कोणी नाहीं तें चुकत राहतें, मग गणिताला भितें, आणि शेवटीं आपल्याला डोकेंच नाहीं असें मानूं लागतें. सक्तीनें शाळेंत बसवून मुलाच्या मनांत एवढीच समजूत रुजली असेल, तर त्यापेक्षां गुरें राखलेलीं काय वाईट?

येथें एक प्रसंग सांगतों. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशीं त्रेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. त्या वर्षीं पाणी पन्नास फुटांच्याहि पुढें गेलें. पाणी ओसरल्यावर कांहीं विद्यार्थ्यांसह आम्ही नदीकांठच्या एका गांवीं मदतीस गेलों होतों. एका घरांत आजी व तिची सातवींत शिकणारी नात अशा दोघी चिखल उपसीत होत्या. मास्तरकीची संवय वाईट. आम्हीं मुलीस अभ्यासाविषयीं विचारलें. तिनें बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टि असें सगळें जलचक्र एका दमांत सांगितलें. मग हें पाणी घरांत कां आलें, असें विचारतां ती गप्प राहिली, आणि म्हणाली, "ते पुस्तकात नाही, सर."

आम्ही मनांत निराश झालों. निघणार तोंच आजीनें हांक मारली. "सर, पोरगी कवाधरनं ह्यो कागद वाचतीया, पर काय उमगंना झालंय. जरा बघा की." तो घराच्या पडझडीच्या पंचनाम्याचा कागद होता, आणि आजीच्या अंगठ्याचा ठसा त्यावर आधींच उमटला होता. मुलीनें बोट ठेवून एक शब्द दाखविला. "अंशतः म्हणजे काय, सर?"

"थोड्या भागाचें," आम्ही म्हणालों.

ती क्षणभर थांबली. "म्हणजे गणितातला अंश? अंश आणि छेद, त्यातला?"

"तोच."

"मग छेद कुठं लिहिलाय?"

आम्हांस उत्तर सुचेना. कशाचा अंश, किती भागांपैकीं किती भाग, हें त्या कागदांत कोठेंच नव्हतें. मुलीनें वळून घराकडे पाहिलें, आणि मोजून सांगितलें कीं चार भिंतींपैकीं दोन गेल्या, म्हणजे निम्में. त्यावर आजी म्हणाली, "निम्म्या घरात काय ऱ्हायाला येतंय व्हय गं?"

अर्ज त्या मुलीनेंच लिहिला. दोन भिंती पडल्या आहेत, उरलेल्या दोहोंवर छप्पर टिकत नाहीं, घर राहण्याजोगें नाहीं, तरी पुन्हां पाहणी व्हावी, एवढाच मजकूर. आम्हीं फक्त दोन ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ सुधारलें. परत येतांना मात्र आमच्या निराशेची आम्हांसच लाज वाटत होती. जलचक्राची परीक्षा घेऊन आम्हीं तिला नापास केलें होतें, आणि घटकाभरांत तिनें भाषा, गणित, नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय एका शब्दावर आणून ठेवले. वेळापत्रकांत हे विषय वेगळ्या तासांना येतात. आयुष्यांत ते एकाच कागदावर येतात. तिला तो छेद विचारतां आला, कारण कोण्या एका शिक्षकानें अंश-छेद इतके नीट शिकविले होते कीं ते वहीबाहेर ओळखूं आले. आणि आजीनें जें सांगितलें तें कोणत्याहि पुस्तकांत नव्हतें: निम्में घर ही संख्या बरोबर असली तरी घर म्हणून तें शून्यच असतें.

यांतून आम्हांस जी कसोटी सांपडली ती अशी. ज्याच्यावांचून मनुष्य दुसऱ्याच्या भलेपणावर अवलंबून राहतो, तें सक्तीनें शिकविलें पाहिजे. कागद वाचतां न येणारा वाचणाऱ्याच्या हातीं असतो, हिशेब न येणारा मोजणाऱ्याच्या हातीं, आपलें शरीर न समजणारा वैदूच्या हातीं, आणि कायद्यानें आपल्याला काय दिलें आहे हें ठाऊक नसणारा कचेरींतल्या कोणाच्याहि हातीं. भलीं माणसें जगांत पुष्कळ आहेत. पण भलेपणाच्या आशेवर जगणें ही स्वतंत्र माणसाची स्थिति नव्हे. भाषा, गणित, आरोग्य व विज्ञान, आणि नागरिकशास्त्र यांचें स्थान येथें ठरतें. तें नुसतें वाचतां येण्यानें भागत नाहीं. त्या मुलीला "अंशतः" हीं अक्षरें वाचतां येतच होतीं; अर्थ विचारण्याचें धैर्य आलें तेव्हां तें वाचन झालें.

मग इतिहास, काव्य, दूरच्या देशांचा भूगोल यांचें काय? त्यांच्यावांचून कोणी लुबाडला जात नाहीं. येथें पुष्कळ सज्जन म्हणतात कीं गरिबाच्या मुलास हातचें काम शिकवावें, बाकीचें ओझें कशाला? १९३७ सालीं वर्ध्यास गांधीजींनीं हस्तोद्योगाभोंवतीं उभारलेली शिक्षणयोजना मांडली. या जिल्ह्यांत बहिरेवाडीस जन्मलेले जे. पी. नाईक यांनीं गारगोटीस मौनी विद्यापीठाच्या रूपानें ग्रामीण शिक्षणाचा मोठा प्रयोग केला. हाताच्या कामाचा मान वाढविणाऱ्या या प्रयत्नांविषयीं आम्हांस आदरच आहे. त्यांच्या आडून दुसरेच लोक जी गोष्ट साधूं पाहतात तिची आम्हांस भीति वाटते. शेतकऱ्याच्या मुलास शेती, चांभाराच्या मुलास चामडें, आणि वकिलाच्या मुलास शेक्सपियर, ही वांटणी कोणी "उपयोगी शिक्षण" या नांवाखालीं करूं लागला, तर ती जुनी वर्णव्यवस्थाच नव्या गणवेशांत आली असें समजावें. फुल्यांच्या यादींत शेतीशेजारीं इतिहास कां आहे याचें उत्तर आमच्या मतें हेंच. शेतीचा पाठ मुलाला त्याच्या गांवांत उभें राहण्यास शिकवितो. इतिहास-भूगोल त्याला सांगतात कीं गांव म्हणजे सर्व जग नव्हे, आणि आज आहे तें नेहमीं असेंच नव्हतें. दुसरा धडा पहिल्याहून कमी गरजेचा आहे असें म्हणणाऱ्यानें तो आधीं आपल्या मुलाच्या वेळापत्रकांतून काढून दाखवावा.

मात्र सक्तीनें इतिहास शिकवितांना एक जबाबदारी येते. जॉन स्टुअर्ट मिलनें १८५९ सालींच बजावलें होतें कीं मुलांना शिकवावें अशी सक्ती सरकारनें करावी, पण सर्वांना एकाच साच्यांत ओतण्याचें यंत्र बनूं नये. कोल्हापुरांतलेंच उदाहरण घेऊं. १८९९ सालीं पंचगंगेच्या घाटावर शाहूमहाराजांसाठीं वेदोक्त मंत्र म्हणण्यास पुरोहितानें नकार दिला, आणि त्यांतून वेदोक्ताचें प्रकरण उभें राहिलें. हें मुलांना सांगावें कीं नाहीं? न सांगितल्यास महाराजांच्या पुढल्या कार्याचा अर्थच लागत नाहीं. द्वेष वाढेल असें सांगितल्यास इतिहासाची काठी होते. आमच्या मतें सांगावें, पुराव्यासह सांगावें, आणि मुलानें "हें आपल्याला कशावरून कळलें?" असें विचारलें तर तें आगाऊपण न समजतां अभ्यास समजावा. ज्याला उत्तर देण्याची सक्ती आहे, त्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक असलीच पाहिजे; नाहींतर आम्ही शिक्षण देत नसून कवाईत घेत आहों.

येथवर आम्हीं दुसऱ्यांस पुष्कळ सांगितलें. आतां एक गोष्ट स्वतःविषयीं सांगितल्यावांचून हा लेख पुरा करणें अप्रामाणिकपणाचें होईल. मातृभाषेंतून शिक्षण व्हावें असें आम्हीं सभांतून अनेक वेळां प्रतिपादिलें, आणि आमचीं दोन्हीं मुलें इंग्रजी शाळेंत घातलीं. त्या वेळीं कारणें होतीं, आणि तीं खोटीं नव्हतीं. पण दुसऱ्याच्या मुलास जें पुरेसें आहे असें आम्ही म्हणत होतों, तें आपल्या मुलास पुरेसें वाटलें नाहीं, एवढें खरें. म्हणून वरील कसोटीस आम्ही आणखी एक जोड देतों, आणि ती प्रथम स्वतःसच लावून घेतों. जें आपल्या मुलास चुकूं देणार नाहीं, तें दुसऱ्याच्या मुलास चुकूं देऊं नये. आणि जें आपल्या मुलावर लादणार नाहीं, तें दुसऱ्याच्या मुलावर लादूं नये. या जोडीनें पाहिलें तर आमचा निकाल आमच्याविरुद्ध लागतो, हें आम्हांस कबूल आहे.

शाहूमहाराजांचें संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन झालें; तो एक रुपयाचा दंडहि इतिहासजमा झाला. आज मुलें शाळेंत येतात, बहुतेक घरें आपण होऊन धाडतात. दंड उरला नाहीं, म्हणून हिशेबहि उरला नाहीं असें मात्र नव्हे. आठ वर्षांचा काळ हा छेद प्रत्येक मुलाचा सारखाच आहे. त्यावर अंश किती चढला, हें ज्याचें त्यानें आपल्या गांवच्या शाळेंत जाऊन एकदां मोजून पाहावें, एवढीच वाचकांस विनंति करून येथें थांबतों.